शाळेकडे काय आणि कसं मागायचं
ताई, एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड जाणं) असलेल्या लेकरासाठी शाळेकडे काय मागायचं असं विचारलंत, तर आधी वर्गशिक्षिकांना एकट्यात भेटा. मागणी नेमकी ठेवा: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, मध्येच वह्या आणायच्या निमित्ताने उठू देणं. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजात आपल्या मुलांना बाईंचं बोलणं पकडताच येत नाही; कोकणातल्या शाळेत मला बाकाची जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. मग तेच अर्जात लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्याच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे लिहिण्या-वाचण्यात किंवा गणितात येणाऱ्या अडचणीचं, आहे. म्हणून तपासणीला न्याल तेव्हा लेखन, वाचन, गणिताचीही चाचणी मागा. त्यात अडचण निघाली तर दाखला आत्ताच काढा, दहावीला जादा वेळ मागताना तो लागतो. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही भेटा.