नळी पुन्हा का घालावी लागली?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. न्यूमोनियामुळे ते नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. स्वतः श्वास घेता येतो का याची चाचणी व्यवस्थित पार पडली म्हणून श्वासनळीत घातलेली व्हेंटिलेटरची नळी काढली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा घालावी लागली. डॉक्टरांनी घाई केली का? पुढच्या वेळी आम्ही काय विचारावे? – एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्या मनाला लागलेली बोच समजते, परंतु नळी पुन्हा घालावी लागली एवढ्यावरून घाई झाली असे म्हणता येत नाही. चाचणी पार पडलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण दहा ते वीस जणांवर पहिल्या दोन-तीन दिवसांत ही वेळ येते. नळी काढणे लांबवणेही निर्धोक नाही, कारण त्याने जंतुसंसर्गाचा धोका आणि श्वासपटलाचा (छाती व पोट यांमधील श्वासाच्या स्नायूचा) अशक्तपणा वाढतो.

अर्ध्या ते दोन तासांच्या त्या चाचणीत व्हेंटिलेटरचा आधार अगदी कमी करून रुग्णाला स्वतःचा श्वास पेलतो का, एवढेच पाहतात. नळी निघाल्यावर मात्र छातीतला कफ खोकून बाहेर टाकण्याचे काम त्याच्या एकट्यावर येते आणि अनेकांचे घोडे तिथेच अडते. यासाठी नळी काढण्याआधीच तिच्या बाहेरच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटरवर पांढरे कार्ड धरून रुग्णाला खोकायला सांगतात. तीन-चार प्रयत्नांतही कार्डावर ओलावा दिसला नाही, तर खोकला दुबळा समजावा. इतकी साधी ही परीक्षा, पण पुष्कळ सांगून जाते. सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणे) दर तासा-दोन तासांनी लागत असेल, तर काळजी अधिकच.

वडिलांचे वय, सीओपीडी आणि न्यूमोनिया या तिन्ही गोष्टी धोका वाढवणाऱ्याच आहेत. हृदय कमजोर असणे, शरीरात जास्तीचे पाणी साचणे आणि नळीमुळे स्वरयंत्राला आलेली सूज हीदेखील कारणे असतात. सुजेची शंका असल्यास काही तास आधीपासून स्टेरॉइड देतात.

अशा रुग्णाला नळी काढताच, दम लागण्याची वाट न पाहता, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावल्याने फायदा होतो. मात्र श्वास खरोखर बिघडू लागल्यावर केवळ मास्कवर तासन्‌तास रेटत राहणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे पहाटेचा तो निर्णय वेळेवर झाला असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते.

पुढच्या वेळी आदल्या दिवशीच विचारा : खोकल्यात जोर आहे का, सक्शन किती वेळा लागते, गेल्या चोवीस तासांत शरीरात गेलेले पाणी आणि झालेली लघवी यांचा हिशेब काय, आणि बायपॅप खाटेशेजारी तयार असेल का.