चिंगीला घ्यावं का?

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो, दोघंही नोकरी करतो. मुलगी 13 वर्षांची आहे. चार वर्षांपासून ती भूगावच्या बाजूला एका पागेत घोडेस्वारी शिकते. तिथली चिंगी नावाची 14 वर्षांची पोनी मालक 1,40,000 रुपयांना विकायला काढतोय. गेल्या पावसाळ्यात तिला लॅमिनायटिस, म्हणजे खुरांचा दुखरा आजार, झाला होता, आता बरी आहे. पागेत ठेवायचे महिना 14,000. त्यात वैरण, चंदी (दाणा), मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) आला. नालबंद आणि डॉक्टर वेगळे. आमचे दोघांचे मिळून हातात 1,65,000 येतात. घराचा हप्ता 52,000, घरखर्च आणि शाळा 65,000, मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी 15,000, स्वारीची फी 6,000. मुदत ठेव 4 लाखांची. मिस्टर म्हणतात, ठेवीतून पैसे देऊ आणि एसआयपी थांबवू. आपण नाही घेतली तर चिंगी वरातवाल्याकडे जाईल म्हणून मुलगी रात्र-रात्र रडते. काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचं रडणं मी लाडात धरत नाही. दुखऱ्या खुरांची घोडी डांबरी रस्त्यावर बँडपुढे नाचवली तर तिचं काय होईल हे त्या मुलीला कळतं. चार वर्षं खरारा केलेल्या पोरीला कळणारच.

पण आधी आकडे. सगळं वजा जाता तुमच्याकडे महिना 27,000 उरतात. चिंगी घेतल्यावर स्वारीची फी वाचली असं धरलं, तर जादा बोजा 8,000 चा. वर नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी, वर्षातून एकदा दातांच्या टोकदार कडा घासून घेणं, धनुर्वाताची लस, जंताचं औषध. एवढं सगळं 27,000 मध्ये बसतं. म्हणजे एसआयपीला हात लावायची गरजच नाही. मुलगी 18 ची होईपर्यंत ती तशीच चालू राहिली आणि 10 टक्के परतावा धरला, तर 11 लाख 60 हजारांच्या आसपास जमतील. बाजार आहे, थोडं कमी-जास्त होईल. पण ते पैसे तिच्या कॉलेजचे आहेत. तो विषय इथेच संपवा.

अडचण ठेवीची आहे. आज तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून 1,17,000 होतात. 4 लाखांत साडेतीन महिनेही निघत नाहीत, आणि दोन नोकऱ्या, मोठं कर्ज असलेल्या घराला मी निदान सहा महिन्यांची सोय सांगतो. चिंगी घेतली की ठेव 2,60,000 वर येते आणि खर्च 1,31,000 वर जातो. उरले दोन महिने. आणि नेमक्या त्याच वेळी घरात असा एक जीव येतो, जो कधी आजारी पडेल ते सांगता येत नाही.

माझ्या आजोबांचा पुणे स्टेशनवर टांगा होता. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एका रात्री घोडा पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला, मान वळवून सारखा स्वतःच्या पोटाकडे बघायचा, मग धपकन बसायचा आणि लोळायला बघायचा. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, पोटात जे अडकलं ते तिथेच फुगतं. आजोबा त्याला गल्लीत धरून हळूहळू चालवत होते आणि मध्येच थांबून त्याच्या कुशीला कान लावत होते, आतड्यांची गुडगुड ऐकू येते का बघायला. घरात रोख काहीच नव्हतं. डॉक्टरांना आणायला रात्री अकराला सावकाराचं दार वाजवावं लागलं. घोडा पहाटे सावरला. ते कर्ज फिटायला दोन दिवाळ्या लागल्या, आणि आजी मरेपर्यंत त्या व्याजाबद्दल बोलायची.

चिंगीच्या बाबतीत तर आजार ठाऊकच आहे. लॅमिनायटिस म्हणजे खुराचं कवच आणि आतलं हाड यांना जोडणाऱ्या पडद्यांचा दाह. पोनी जातीला तो लवकर होतो आणि एकदा झालेल्या जनावराला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. जास्त चंदी, कोवळं हिरवं गवत ही त्याची नेहमीची कारणं, आणि मुळशी रस्त्याला पावसाळ्यात हिरव्याची काय कमी! 'आता बरी आहे' म्हणजे 'सध्या दुखत नाही' एवढंच धरा. मुलीला सांगा, रोज खुरावर हात ठेवून बघायचं. गरम लागला, घोट्याच्या मागे नाडी जोरात उडताना जाणवली, किंवा चिंगी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी दिसली, तर त्याच तासाला डॉक्टर.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडे घोड्याचा विमा सहसा मृत्यूचा असतो. उपचारांचा खर्च खिशातूनच जातो, आणि आधीपासून असलेल्या आजारावर कंपनी बोट ठेवते.

आणखी एक हिशेब मिस्टरांसमोर मांडा. पोनी 25-30 वर्षं जगते. चिंगी 26 वर्षांची होईपर्यंत, म्हणजे अजून 12 वर्षं, आजच्याच दराने पागेचे 20 लाख 16 हजार होतात. खर्च दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढला तर 28 लाखांच्या वर. मुलगी तोवर 25 ची. त्याआधीच ती उंच होईल, चिंगीवर बसणं थांबेल, कॉलेजसाठी कदाचित गावही सोडेल. चिंगीला रोज चार-पाच किलो कोरडी वैरण लागतच राहील.

म्हणून माझं उत्तर : आज विकत घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. मालकाशी बोला. चिंगीचा अर्धा खर्च, महिना 7,000, तुम्ही उचला आणि त्या बदल्यात आठवड्यातले ठरलेले दिवस ती तुमच्या मुलीची. सध्याच्या फीपेक्षा 1,000 च जास्त जातात. दीड वर्षाचा करार कागदावर करा. विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारायचं, ही अट त्यात हवीच. आणि त्याच दिवशी महिना 8,000 ची आवर्ती ठेव सुरू करा. 18 महिन्यांत मुद्दलच 1,44,000 होतं. तो चिंगीचा दवाखाना. मोठ्या ठेवीला हात लावायचा नाही. उलट उरलेल्या 18,000 मधून ती वाढवत न्या. तेवढ्या वेळात निदान एक पावसाळा जाईल, आणि चिखलात खूर साफ करायला मुलगी तितक्याच ओढीने जाते का तेही दिसेल.

मालक ऐकणार नाही, असंही होईल. मग किमतीवर बोला. एकदा लॅमिनायटिस झालेल्या 14 वर्षांच्या पोनीचे 1,40,000 मला पटत नाहीत. तिला खायला घालायचा महिन्याचा खर्च आज त्याच्या डोक्यावर आहे, तो सुटणं हीच त्याची मोठी कमाई. पागेशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून खुरांचा एक्स-रे आणि ग्लँडर्सची रक्त तपासणी करून घ्या. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, आणि निदान पक्कं झालं तर कायद्याने जनावर मारावं लागतं. ही तपासणी चुकवू नका. एक्स-रे बघून मालक 40-50 हजारांवर आला, तर मी हो म्हणेन. ते पैसे ठेवीतून काढा, आणि पुढचे सहा महिने उरणारी सगळी रक्कम आधी ती भरून काढायला वापरा. 1,40,000 वर अडून बसला तर नाही, मुलगी रडली तरी नाही.

या रविवारी मुलीला सोबत बसवून हा सगळा हिशेब तिच्याच वहीत तिच्या हाताने लिहून घ्या. चिंगी म्हातारी झाली, वेदना थांबेनात, तर तिला शांतपणे जाऊ द्यायचा निर्णयही जो तिचा मालक असेल, म्हणजे घेतली तर तुम्हालाच, घ्यावा लागतो, हेही तेव्हाच सांगा. एक्स-रे आला की मला कळवा, मग किंमत किती बोलायची ते ठरवू.