मधल्या सुट्टीतली मारहाण आणि शाळेची जबाबदारी

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. आठवीतली तीन मुले मधल्या सुट्टीत त्याचा डबा हिसकावतात, पैसे मागतात. गेल्या आठवड्यात त्यांनी शौचालयात ढकलल्याने त्याचे मनगट मोडले. मुख्याध्यापक ‘मुलांची मस्ती’ म्हणतात आणि दाखला काढून न्यायला सुचवतात. पोलिसांनी एफआयआर घेतला नाही. त्या मुलांना शाळेतून काढता येईल का?

उत्तर : आपण दाखल्याचा अर्ज मुळीच देऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार (शाळा अल्पसंख्याक दर्जाची नसेल तर) आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मात्र हेच संरक्षण त्या तिघांनाही आहे.

पोलिसांची निम्मी बाजू बरोबर आहे. हाड मोडणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ असली, तरी अठरा वर्षांखालील मुलांवर एफआयआर एरवी अतिगंभीर गुन्ह्यांतच नोंदवतात. परंतु तक्रारीची नोंद स्टेशन डायरीत करून ती बाल न्याय मंडळाकडे पाठवणे ठाण्याला टाळता येत नाही. त्या नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा.

आपली खरी पकड शाळेवर आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ हा केवळ कॉलेजांसाठी आहे, असा समज वकिलांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात त्यातील संस्थेची व्याख्या शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेला सामावून घेण्याइतकी व्यापक असून चिडवणे, धमकावणे, इजा करणे हे सारे त्यात येते. पालकांची लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत मुख्याध्यापकांनी चौकशी करावी, सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्यांना निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी, असे कलम ६ सांगते. त्यात हयगय केल्यास कलम ७ नुसार त्यांनीच अपप्रेरणा दिली (म्हणजे गुन्ह्याला साथ दिली) असे मानले जाते. आपण आतापर्यंत तोंडीच बोलत आला आहात, त्यामुळे हे सात दिवस अजून सुरूच झालेले नाहीत.

तेव्हा आजच अर्ज लिहावा. डबा, पैसे, मनगट असा क्रम तारखांसह द्यावा, एक्स-रेची प्रत जोडावी (मूळ फिल्म आपल्याकडेच ठेवावी) आणि शौचालयाबाहेरच्या व्हरांड्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्यातच करावी, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. कार्यालयाने नाकारल्यास अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. आठव्या दिवशीही हालचाल नसेल, तर त्याच प्रतीसह शिक्षणाधिकारी आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येईल.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलांची नावे किंवा फोटो टाकू नयेत. संताप समजण्यासारखा आहे, पण बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली ते आपल्याच अंगाशी येईल.