शंका-समाधान : ‘साइन’ म्हणजे सही की खूण?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत कारकून आहे. सभासदांना पाठवायच्या इंग्रजी पत्रात मी ‘प्लीज पुट युअर साइन हिअर’ असे लिहिले होते. आमच्या व्यवस्थापकांनी त्यातला ‘साइन’ खोडून तेथे ‘सिग्नेचर’ लिहिले. काउंटरवर आम्ही दिवसभर ‘इथं साइन करा’ म्हणतो, मग पत्रात तेच चूक कसे? तसेच, माझ्या दहावीतल्या मुलीच्या त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा हाच शब्द आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : व्यवस्थापकांची दुरुस्ती योग्य आहे, आणि काउंटरवरचे आपले बोलणेही योग्यच आहे. इंग्रजीत ‘साइन’ हे क्रियापद असते तेव्हा त्याचा अर्थ सही करणे असा होतो. पण तेच नाम म्हणून आले की खूण, चिन्ह, पाटी, लक्षण किंवा रास यांपैकी काही तरी सुचवते, सही मात्र सुचवत नाही, कारण सहीसाठी ‘सिग्नेचर’ हे स्वतंत्र नाम त्या भाषेत आहे. म्हणून ‘साइन हिअर’ बरोबर, आणि ‘युअर साइन’ वाचून इंग्रजी भाषकाला कदाचित आपण त्याची रास विचारीत आहोत असे वाटेल. मराठीत आपण या शब्दाला नाम म्हणूनही सामावून घेतले आहे, तेही आपल्या व्याकरणाने : ‘साहेबांची साइन झाली का?’ येथे तो सहीप्रमाणे स्त्रीलिंगी होतो, तर ‘कंस सोडवताना साइन बदललं’ म्हणताना चिन्हाप्रमाणे नपुंसकलिंगी होतो. बोलण्यात या वापराला हरकत घेण्याचे मला कारण दिसत नाही. इंग्रजी पत्रात तो जसाच्या तसा नेऊ नये, इतकेच.

एकाच शब्दात सही आणि खूण एकत्र कशा आल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. मूळ लॅटिन शब्द ‘सिग्नम’. त्याचा अर्थ खूण, तसेच सैन्याचे निशाण. ‘सिग्नल’, ‘सिग्नेचर’, ‘डिझाइन’ आणि ‘रिझाइन’ हे सारे त्याच कुळातले. ज्या काळी बहुतेकांना लिहिता येत नव्हते, त्या काळी कागदावर फुलीसारखी खूण करणे हेच संमती देणे होते, आणि त्यातूनच त्या क्रियापदाला सही करण्याचा अर्थ आला. आपल्याकडे वेगळे काही घडले नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहून नांगराचे चित्र काढलेले आढळते, आणि आजही ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या अंगठ्याच्या ठशाशेजारी ‘निशाणी डावा अंगठा’ असे आपल्यासारखा कारकूनच लिहितो. त्या ‘निशाणी’त इंग्रजी ‘साइन’चा मूळ अर्थ पुरेपूर आहे.

गणितातल्या अधिक-उण्याच्या खुणांनाही ‘साइन’च म्हणतात. त्या छापील पुस्तकात प्रथम 1489 मध्ये, योहानेस विडमान यांच्या जर्मन ग्रंथात आल्या. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी 1557 मध्ये वापरले. त्रिकोणमितीतला ‘साइन’ मात्र पूर्णपणे वेगळा शब्द आहे. उच्चार तोच असला तरी स्पेलिंग निराळे आहे, आणि त्याचे मूळ चक्क आपल्याकडचे आहे. आर्यभटांसारख्या गणितींनी वर्तुळातील जीवेला धनुष्याच्या दोरीवरून ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हटले. अरबी गणितींनी तो शब्द ‘जीबा’ असा घेतला. पुढे स्वर न लिहिण्याच्या अरबी पद्धतीमुळे तोच ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी किंवा खिसा, असा वाचला गेला, आणि 12व्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला. सर्दीत ज्याचा त्रास होतो तो सायनस आणि मुलीच्या वहीतला साइन अशा रीतीने एकाच शब्दातून आले आहेत. हे तिला अवश्य सांगावे.

आपण विचारले नसले तरी ‘साइन’ आणि ‘सिग्नल’ यांतला फरक येथेच सांगतो, कारण भाषांतरात तो वारंवार पुसला जातो. ‘साइन’ ही आपोआप दिसणारी खूणही असू शकते. ‘सिग्नल’ बहुधा कोणी तरी मुद्दाम दिलेला असतो. पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागणे हे पुराचे चिन्ह, म्हणजे ‘साइन’. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना पोहोचले की इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी गाठल्याचे प्रशासन जाहीर करते, तो इशारा ‘सिग्नल’च्या जवळचा. राशीच्या बाबतीतही सावध असावे : इंग्रजी ‘सन साइन’ जन्मवेळच्या सूर्यावरून ठरते, आपली रास चंद्रावरून. त्यामुळे इंग्रजी मासिकातले भविष्य भाषांतरित करून पत्रिकेतल्या राशीला लावणे चुकीचे ठरते.

प्रश्न : परिचारिका अभ्यासक्रमात ‘साइन’ आणि ‘सिम्प्टम’ असे दोन शब्द येतात. मराठीत दोन्हींना ‘लक्षण’च म्हणायचे का?
– एक विद्यार्थिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : बोलताना चालेल, नोंदवहीत नको. रुग्णाला स्वतःला जाणवते आणि तो सांगतो ते ‘सिम्प्टम’ : डोके दुखते, मळमळते, अंगात कणकण आहे. तपासणाऱ्याला पाहून, ऐकून किंवा मोजून कळते ते ‘साइन’ : पायावरची सूज, छातीतली घरघर, तापमापकातला 102चा आकडा. म्हणूनच नाडी, श्वासाचा वेग, तापमान आणि रक्तदाब यांना ‘व्हायटल साइन्स’ म्हणतात. मराठीत नोंद करताना पहिल्यासाठी ‘रुग्णाची तक्रार’ आणि दुसऱ्यासाठी ‘तपासणीत आढळलेले लक्षण’ असे लिहिल्यास पुढच्या पाळीतील परिचारिकेचा गोंधळ होणार नाही.