इंग्रजीतल्या ‘टाइड’ या शब्दाचे नेमके अर्थ कोणते? साहित्यात तो कसा वापरतात?

भरती-ओहोटी हा अर्थ तुम्हाला ठाऊक असणारच, तो सोडून देतो. मुळात या शब्दाचा समुद्राशी संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे वेळ. जर्मन लोक वेळेला ‘त्साइट’ म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. ख्रिसमसटाइड, ईव्हनटाइड या शब्दांत तो जुना अर्थ अजून टिकून आहे. ‘टायडी’ म्हणजेसुद्धा आधी ‘वेळेवरचा’, नीटनेटका हा अर्थ मागाहून आला. पाणी वेळेवर येतं, वेळेवर जातं, म्हणून हाच शब्द पुढे समुद्राला लागला.

हे मला नववीत कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं गाव जयगडच्या खाडीवर, हायस्कूल पलीकडच्या तीरावर. बाबा तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे, आम्ही सात-आठ मुलं त्यांच्याच होडीतून जायचो. घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते, थोडं मागेपुढे. त्या दिवशी संकष्टी होती. चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला पाणी तळाला. आम्हाला खरं तर सातलाच निघायला हवं होतं. पण पहाटे पलीकडून एक आजारी म्हातारी आणायची होती, त्यात आमची खेप लांबली. आठच्या सुमाराला होडी मधल्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या उंचवट्यावर, बसली ती हलेना. आम्ही मुलं खाली उतरून ढकलायला लागलो, गुडघ्यापर्यंत चिखलात. बाबांनी नांगर टाकला, बिडी पेटवली आणि म्हणाले, “थांबा, पानी येल.” दहा वाजून गेल्यावर होडी अलगद तरंगली.

वर्गात शिरलो तेव्हा पायावरचा चिखल वाळून त्याचे पापुद्रे निघत होते. इंग्रजीचा तास चालला होता. सरांनी माझ्याकडे बघत फळ्यावर लिहिलं, ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’. अर्थ सांगितला, वेळ आणि भरती कोणासाठी थांबत नाहीत. मी उभाच होतो. म्हटलं, सर, गेलेलं पाणी परत येतं, आत्ताच बघून आलोय. गेलेली वेळ येत नाही. मग दोघांना एका वाक्यात कसं घातलं? हातावर दोन पट्ट्या बसल्या. वर ऐकवलं, होडीवाल्याच्या पोरानं इंग्रजांच्या म्हणी तपासायच्या नसतात. वर्ग हसला. पट्ट्यांचं काही वाटलं नाही, बाबांचा धंदा काढला ते लागलं.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात जाडजूड इंग्रजी कोश उघडला. टाइडचा पहिला अर्थ: वेळ, हंगाम. ती ओळ मी तीनदा वाचली. म्हणजे त्या म्हणीत समुद्र मुळात नव्हताच! आपण ‘वेळकाळ’ म्हणतो तशी ती जोडी आहे, एकाच अर्थाचे दोन शब्द, कानाला गोड लागावेत म्हणून शेजारी ठेवलेले. माझी शंका बरोबर होती.

आणि आपल्याकडेही हेच घडलंय. संस्कृतातला वेला हा शब्द अमरकोशात बघा: समुद्राच्या पाण्यातला फेरबदल, काळ आणि मर्यादा, असे तिन्ही अर्थ आहेत. त्याच वेलेवरून आपली ‘वेळ’ आली. इंग्रजीत वेळेचा शब्द पाण्याकडे गेला, आपल्याकडे तोच शब्द दोन्हीकडे होता आणि मराठीनं वेळ तेवढी ठेवली.

साहित्यातली उदाहरणं पुष्कळ सापडतील, मी तीनच सांगतो. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये चौथ्या अंकात ब्रूटस म्हणतो की माणसांच्या व्यवहारातही टाइड असते, ती भरतीला असताना पकडली तर भाग्याकडे नेते, चुकली तर सगळा प्रवास उथळ पाण्यात अडकतो. इथे भरतीसाठी ‘फ्लड’ हा वेगळा शब्द आहे, म्हणून टाइडचं भाषांतर नुसतं ‘भरती’ करू नका. मराठीत भरती, ओहोटी, उधाण, भांग (कमी जोराची भरती-ओहोटी) सगळं आहे, पण या सगळ्याला मिळून एक शब्द नाही, जोडशब्दच लागतो. शिवाय रोमन लोकांच्या भूमध्य समुद्राला सांगण्यासारखी भरती-ओहोटी नसतेच; ब्रूटसच्या तोंडी आलेलं पाणी लंडनच्या थेम्सचं आहे. टेनिसनची 1889 सालची ‘क्रॉसिंग द बार’ वाचा, त्यात मरण म्हणजे भरल्या पाण्यावरून, आवाज न होता, नदीच्या मुखाचा दांडा ओलांडणं. आणि डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये किनाऱ्यावरची माणसं ओहोटीतच मरतात अशी समजूत आहे, त्यातला गाडीवान बार्किस तसाच जातो. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग? भरतीत कोन जातो?”

परीक्षेत ती म्हण आली तर ‘वेळकाळ कोणासाठी थांबत नाही’ असं लिहा, आणि गुण कापले तर कोश घेऊन जाब विचारा. मुलांच्या शंकेला पट्टीनं उत्तर देणाऱ्यांना इंग्रजी येत नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र एवढं ध्यानात ठेवा, आजचे बहुतेक इंग्रज त्या म्हणीत समुद्रच बघतात, तेव्हा तो अर्थ चूक म्हणता येणार नाही. दोन्ही लिहा.

‘टाइड ओव्हर’ राहिलंच. आज त्याचा अर्थ अडचणीचे दिवस निभावून नेणं. मूळ अर्थ कॅप्टन जॉन स्मिथनं 1627 सालच्या खलाशांच्या पुस्तकात दिलाय: पाणी आपल्या बाजूनं असेल तोवर त्याच्याबरोबर जायचं, उलटलं की नांगर टाकून पुढच्या पाण्याची वाट बघायची. त्या सकाळी दांड्यावर बाबांनी नांगर टाकला होता तो याचसाठी.