गिअर उशिरा पडतो? गिअरबॉक्स उघडण्याआधी ऑइल बघा

प्रश्न : माझी नऊ वर्षं जुनी, सहा गिअरची ऑटोमॅटिक सेडान आहे. 96,000 किलोमीटर झालेत. सकाळी विजापूर रोडवरच्या घरातून निघताना लिव्हर डी वर टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग दणका बसतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नुसती रेस वाढते, गाडी ओढत नाही. पंधरा मिनिटं चालली की सगळं सुरळीत. गॅरेजवाल्यांनी काही न तपासताच 'गिअरबॉक्स गेला' म्हणून दीड लाख सांगितले. काय करू?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, एवढ्यात पैसे देऊ नका. 'पंधरा मिनिटं चालली की सुरळीत' यातच अर्धं निदान आहे. तुमच्या गाडीत गिअर पडतो तो गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या दाबाने. ऑइल कमी असेल तर दाब उशिरा तयार होतो, गिअर पकडणाऱ्या क्लच प्लेटा घसरतात आणि रेस नुसतीच वाढते. थंड ऑइल आकसतं, पातळी खाली जाते. तापलं की फुगून वर येतं. उलट सकाळी ठणठणीत, पण तुळजापूरचा घाट चढून तापल्यावर गिअर सोडणारी गाडी आली, तर मला खरी काळजी वाटते. तिथे पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या पंपातून, ऑइल वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतून दाब गमावत असतं.

होटगी रोडवरच्या माझ्या गॅरेजात अगदी अशीच एक गाडी आली होती. पिटमध्ये उतरून बघितलं, तर गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपच्या जोडावर मातीचा ओला, काळा थर. बोटाने खरवडला तर खाली लालसर ऑइल. जवळजवळ एक लिटर ऑइल कमी निघालं. पाइपचा जोड बदलला, गिअरबॉक्सला पाना लावावा लागला नाही.

पातळी मात्र नीट बघितली पाहिजे. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजायची कांडी, नसते. गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवून, ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या तापमानाला आलं की खालचा पातळी बघायचा प्लग काढायचा. हे तापमान अनेक गाड्यांत 35 ते 45 अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचं ऑइलच तेवढं तापलेलं असतं. म्हणून मेकॅनिकला सकाळी सातला बोलवा आणि तापमान स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, बघायला लावा.

थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. लालसर किंवा तपकिरी चालेल. काळं, जळका वास आणि चमचमणारा चुरा दिसला तर प्लेटा किंवा आतले धातूचे भाग झिजलेत, मग गिअरबॉक्स उघडावाच लागेल. स्कॅनरवर पी 0700 हा बिघाडाचा कोड दिसला म्हणून घाबरू नका. तो फक्त 'गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये बिघाड नोंदलाय' एवढंच सांगतो. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये शिरून वाचावा लागतो.

ऑइल पूर्ण भरूनही सकाळचा थांबा राहिला, तर आतले रबरी सील कडक झालेले असू शकतात. ते काम खर्चाचं आहे, हे लपवत नाही. ऑइल घालताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, चालणार नाही.

तोवर सकाळी डी वर टाकल्यावर ब्रेक दाबून ठेवा, गिअर पकडल्याचं जाणवलं की मगच रेस द्या. त्या दोन-तीन सेकंदांत दिलेली रेसच प्लेटा जाळते.