'ग्रामीण भूगोलतज्ज्ञ' म्हणजे खेड्यातले तज्ज्ञ का?

प्रश्न असा: निवृत्त होणाऱ्या एका प्राध्यापकांच्या परिचयात 'लोकसंख्या व ग्रामीण भूगोलतज्ज्ञ' असे छापायचे आहे, ते बरोबर आहे का? शिवाय 'लोकसंख्या भूगोल' तोडून लिहावे की जोडून?

दुसऱ्याचे उत्तर सोपे. 'आर्थिक', 'राजकीय', 'प्राकृतिक' ही विशेषणे आहेत, म्हणून 'आर्थिक भूगोल' सुटे लिहायचे. 'लोकसंख्या' हे नाम. दोन नामांचा समास झाला की शब्द जोडायचा: लोकसंख्याभूगोल, जसे लोकसंख्याशास्त्र. पाठ्यपुस्तकांत सुटे दिसते खरे, पण ते इंग्रजीच्या वळणाने आलेले. बोलताना मला 'लोकसंख्येचा भूगोल' बरे वाटते. मात्र त्याऐवजी 'लोकसंख्याशास्त्र' लिहू नका. त्या शास्त्राचा भर जन्म, मृत्यू, स्थलांतर यांच्या दरांवर. भूगोलाचा माणसे कुठे दाट, कुठे विरळ आणि तिथेच का, यावर.

आता खरी अडचण. 'प्राचीन इतिहासकार' म्हटले की माणूसच प्राचीन वाटतो. 'ग्रामीण भूगोलतज्ज्ञ'चेही तेच. 'ग्रामीण कथाकार' म्हणजे ग्रामीण कथा लिहिणारा, हे आपल्याला सवयीने कळते. भूगोलाच्या बाबतीत ती सवय नाही, आणि 'ग्रामीण युवक', 'ग्रामीण डाक सेवक' या ओळीत ते जाऊन बसते. त्यात 'लोकसंख्या व ग्रामीण' म्हणजे नाम आणि विशेषण एकाच दावणीला बांधणे. 'व'च्या दोन्ही बाजू सारख्या जातीच्या हव्यात.

अशा माणसाची कारकीर्द किती पसरलेली असते ते पाहा. विस्कॉन्सिन विद्यापीठातले ग्लेन ट्रिवार्था. त्यांनी 1943 मध्ये अमेरिकेतल्या, स्वतःची नगरव्यवस्था नसलेल्या लहान वस्त्यांवर निबंध लिहिला (आपल्याकडे 'वाडी' म्हणू, तीही बहुधा दुसऱ्याच गावाच्या ग्रामपंचायतीत मोडते). 1953 मध्ये अमेरिकी भूगोलतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात त्यांनी लोकसंख्येला भूगोलात मध्यवर्ती जागा मागितली. भारताच्या लोकसंख्येवर प्रबंध लिहून 1956 मध्ये त्यांच्याकडे पीएच.डी. मिळवलेले गुरदेव सिंग गोसल यांनी पुढे पंजाब विद्यापीठात ही शाखा रुजवली. आणि आपल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला ट्रिवार्था माहीत असतात ते हवामानाच्या वर्गीकरणामुळे! त्यांना 'हवामान, लोकसंख्या व ग्रामीण भूगोलतज्ज्ञ' म्हणून पाहा, काय गोंधळ होतो ते.

म्हणून विषय वेगळे काढा, माणूस वेगळा ठेवा: 'लोकसंख्याभूगोल आणि ग्रामीण भूगोल या विषयांचे अभ्यासक'. निमंत्रणपत्रिकेवर जागा कमी असेल तर नावाखाली नुसते 'भूगोलतज्ज्ञ' छापा, विषय परिचयाच्या मजकुरात येऊ द्या. छापताना 'तज्ञ' होऊ देऊ नका. तत् अधिक ज्ञ, म्हणून 'तज्ज्ञ'.